लहान की मोठं

राजाभाऊंनी दुधासाठी रिकामी पिशवी घेऊन गल्लीत पाऊल टाकलं आणि भागूबाईंच्या घरातली मोटर सुरू झाली.

मोटर कोरडी फिरतेय हे आवाजावरूनच त्यांना कळलं. ते जागच्या जागी थांबले. पुढे जावं तर आणखी मोटरी लागतील, मागे फिरावं तर लोक म्हणतील काहीतरी विसरले म्हणून परत चाललेत, म्हणजे पाणी नक्की. एवढ्यात समोरच्या गच्चीवरून एक निळी नळी सळसळत खाली आली आणि कोपऱ्यावरच्या अंडेवाल्यानं हातगाडीवरून हाक मारली, "क्या राजूभाई, सुबू सुबू छोड दिये क्या पानी?"

"नाय रे बाबा. दूध आणाया चाललो."

भागूबाई पदर खोचत दारात आल्या. "मंग तसं सांगत जावा ना! मोटर जळंल माझी."

"भागूबाई, मी रिटायर झालो. सोमवारी तुमीच नारळ दिला ना मला?"

"दिला की. पण तुमी दिसले का हात आपोआप बटनावर जातो. कव्हा दुधाला चालले अन् कव्हा पाण्याला, आमाला काय सपान पडतं व्हय?"

राजाभाऊ दूध न घेताच घरात शिरले.

या शहरात नळाला सहा-सात दिवसांनी पाणी येतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. वेळापत्रक असतं, पण ते कागदावर. उस्मानपुऱ्यातल्या या चार गल्ल्यांचं खरं वेळापत्रक म्हणजे राजेंद्र धोंडिबा हिवराळे, पाणीपुरवठ्याचे वॉल्व्हमन. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी टाकून ते गल्लीतून गेले, की बायका ड्रम उपडे करायच्या, पोरी गच्चीवर नळ्या ओढायच्या आणि ते रस्त्यातलं झाकण उचलून चेंबरमध्ये उतरेपर्यंत तीनशे घरांतली बोटं बटनांवर तयार असायची. लग्नाची तारीख काढली तरी माणसं आधी राजाभाऊंना विचारून जायची, हळदीच्या दिवशी पाणी येईल ना म्हणून. तीस वर्षं हा माणूस गल्लीतून नुसता असा, उगाच, कधी चाललाच नव्हता. आता चालायचं म्हटलं तर चालता येईना. सहा दिवसांत भागूबाईंची ही तिसरी वेळ, आणि पलीकडच्या गल्लीत एक मोटर खरोखरच जळली होती.

परवा तर साहेबांचाच फोन आला. साहेब चांगले, बोलायला गोड. "राजाभाऊ, एक विनंती होती. थोडे दिवस जरा कमी फिरा. लोक तुम्हाला बघून मोटरी लावतात आणि शिव्या आम्हाला देतात."

तेव्हापासून राजाभाऊ घरात. माणूस घरात बसून काय काय करणार? त्यांनी टाकी धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली. रूपाच्या, म्हणजे दोन वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोच्या, तेव्हापासून बंद असलेल्या शिवणयंत्राला तेल दिलं. पंख्याची पाती पुसली. बसावं तर पायांना चैन नाही, उठावं तर जायला जागा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत माणूस किती चालेल, तरी ते चालत होते.

यावर तोडगा काढला तनुजानं. तनुजा एकुलती एक लेक, पुण्यात वाकडला, सातव्या मजल्यावर राहणारी. "बाबा, कुत्रं पाळा," ती म्हणाली होती. "हातात पट्टा असला की लोकांना लांबूनच कळेल, तुम्ही कामावर नाही, फिरायला निघालाय." राजाभाऊ आधी हसले. मग रात्रभर त्यांनी विचार केला आणि सकाळी त्यांना वाटलं, पोरगी हुशार आहे.

अडचण पुढेच होती. कुत्रं कुठलं?

आज रविवार. दुधावाचून कोरा चहा घेऊन राजाभाऊ टेकले, तेवढ्यात तिचा फोन आला.

"बाबा, श्रेयाशी बोलले मी. माझ्या वर्गात होती ती. उस्मानपुऱ्यातच कुत्र्यामांजरांचं दुकान आहे तिचं. तिच्याकडे पग आहे, दोन महिन्यांचा. संध्याकाळी सातपर्यंत ठेवते म्हणाली, नाहीतर दुसरं एक कुटुंब थांबलंय."

"सांडूचा बी फोन होता काल. दौलताबादचा सांडू गं. त्याच्या कारवानीला पिल्लं झालीत. एक ठेवलंय म्हणला माझ्यासाठी."

"कारवानी म्हणजे ते उंच, शिकारीचं? बाबा, ते नको. लहान घ्या."

"कामून? मोठं असलं तर लोकांना लांबून दिसंल."

तनुजाला आडून बोलता येत नाही. आईवर गेली आहे. "आमच्या सोसायटीत लहान कुत्र्याला कुणी काही म्हणत नाही. मोठ्याला कमिटी परवानगी देत नाही. उद्या तुम्ही इकडे आलात तर त्यालाही आणता यायला हवं."

"आलात तर म्हणती का आल्यावर?"

"आल्यावर," तनुजा म्हणाली.

राजाभाऊंनी कप खाली ठेवला. म्हणजे असं होतं तर. लहान घेतलं तर पुणं. मोठं घेतलं तर इथंच. त्यांना वाटलं होतं कुत्रं निवडायचं आहे.

"मला हितं काय धाड भरलीय? सगळं गाव वळखतं मला."

"डिसेंबरात काय झालं होतं?" तनुजा म्हणाली. "ताप आला, साखर उतरली, दीड दिवस तुम्ही जमिनीवर पडून होतात. मी फोन करत होते आणि तुम्ही उचलत नव्हता. भागूबाईंनी कडी तोडली म्हणून वाचलात. कडी का तोडली त्यांनी? पाण्याचा दिवस होता आणि तुम्ही आला नाहीत म्हणून. पाण्याचा दिवस नसता तर? आता कुणाचं पाणी अडणार आहे तुमच्यावाचून, बाबा? कोण येणार आहे बघायला?"

राजाभाऊ म्हणाले, "दोनी बघतो. मंग सांगतो," आणि फोन ठेवला. तिचं शेवटचं वाक्य त्यांना फार लागलं. ते खोटं असतं तर एवढं लागलं नसतं.

श्रेयाचं दुकान चौकापलीकडे होतं. दुपारी साडेतीनच्या सुमारास राजाभाऊ स्कूटी काढून, गल्लीतून न जाता मागच्या बोळातून गेले, चोरासारखे. दुकानात थंडगार हवा होती आणि काचेमागं ते पग चारी पाय पसरून झोपलं होतं, घोरत. दोन महिन्यांचं पोर आणि साठीतल्या माणसासारखं घोरणं. श्रेयानं त्याला उचलून खाली ठेवलं. कपाळाला एवढ्या आठ्या, जसं काही जन्मल्यापासूनच त्याला कसली तरी काळजी लागली होती. ते दोन पावलं चाललं, राजाभाऊंच्या चपलेपाशी आलं, पायाच्या अंगठ्यावर हनुवटी टेकवली आणि पुन्हा झोपलं.

"तुम्ही आवडलात त्याला काका," श्रेया म्हणाली.

"त्याला चप्पल आवडली." पण राजाभाऊंनी पाय हलवला नाही.

"हे बघा, आधीच सांगते. याचं नाक चपटं, त्यामुळं श्वास पुरत नाही. आपल्याकडचं ऊन याला अजिबात सोसत नाही. दुपारी बाहेर काढायचं नाही, कूलरपुढं ठेवायचं. पळवायचं तर मुळीच नाही."

"मंग फिरवायचं कव्हा?"

"सकाळी दहा मिनिटं. ऊन व्हायच्या आत. पुरे होतं त्याला."

दहा मिनिटं! राजाभाऊंना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. तीस वर्षं दिवसाला बारा-चौदा किलोमीटर चाललेला माणूस, त्याला दहा मिनिटांचं कुत्रं. ते उठायला निघाले, पण अंगठ्यावरचं ते ऊन ऊन ओझं बाजूला करायला हात होईना. दोन वर्षांत त्यांच्या अंगाला टेकून कुणी झोपलं नव्हतं. शेवटी श्रेयानंच त्याला उचललं.

"सातला बंद करते मी काका. रविवार आहे."

"कळवतो," म्हणत राजाभाऊंनी स्कूटीला चावी लावली, आणि घराकडे न वळता ते छावणीच्या रस्त्याला लागले. पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. एप्रिलचं ऊन डांबरावर नाचत होतं. आपण इतक्या घाईनं कुठं निघालोय, हे त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. बसून राहण्यापेक्षा जाणं बरं, एवढंच.

किल्ला दिसायला लागल्यावर ते डावीकडच्या मातीच्या रस्त्याला लागले. सांडू पेरूच्या बागेच्या तोंडाशी बाज टाकून बसला होता. हा सांडू म्हणजे गावच्या जुन्या पाटलांचा नातू. सातवीपर्यंत दोघं एका वर्गात होते.

"जय भीम, सांडू."

"ये राजा, ये. राम राम. उन्हाचा कामून आलास रं?"

"सातच्या आत ठरवायचं हाय."

सांडूनं शीळ घातली. गोठ्यामागून कारवानी बाहेर आली. चालत आली म्हणायचं, पण पाय जमिनीला लागत होते की नाही कोण जाणे. लांब मान, आत गेलेलं पोट, तोंड निमुळतं. ती राजाभाऊंकडे पाहून न पाहिल्यासारखं करून बाजूला उभी राहिली. तिच्या मागून पिल्लं धडपडत आली, एकमेकांच्या अंगावर पडत. एक मात्र सरळ बाहेर पडून बागेच्या टोकापर्यंत पळत गेलं, तिथून वळलं आणि तेवढ्याच वेगानं परत आलं. वाळूच्या रंगाचं, पाय शरीराला न शोभणारे लांब.

"त्येच तुझं," सांडू म्हणाला.

राजाभाऊंनी पिल्लू उचललं. त्याचं काळीज हाताला लागत होतं, असं धडधडत होतं. आणि राजाभाऊंना बाप आठवला. खरं तर इथं येण्याचं ठरलं तेव्हापासून तो आठवतच होता, फक्त त्यांनी ते स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

बाप, म्हणजे धोंडिबा, पाटलांची कुत्री सांभाळायचा. पाच कारवानी होत्या. त्यांना दूध-भाकरी चारायची, पळवून आणायचं, मग विहिरीजवळच्या दगडी डोणीवर पाणी पाजायचं. कुत्री डोणीत तोंड घालून पोटभर प्यायची. धोंडिबा बाजूला ओंजळ धरून उभा राहायचा, कुणीतरी वरून पाणी ओतण्याची वाट बघत. कधी कुणाला सवड असायची, कधी नसायची. हे तो सांगायचा तेव्हा त्याच्या आवाजात काही नसायचं, जणू पाऊसपाण्याचं बोलतोय. पण एक गोष्ट सांगताना त्याचा आवाज बदलायचा. एकदा कुत्रीला आठ पिल्लं झाली आणि त्यानं धीर करून पाटलांकडे एक मागितलं. पाटील रागावले नाहीत. हसले. "धोंड्या, कारवानी अन् तुझ्या दारात? लोक मला हसतील का तुला?" ओसरीवरचे सगळे हसले. पुढच्या महिन्यात धोंडिबानं बायकापोरांसह गाव सोडलं. शहरात पाइपलाइनचे चर खणले, मग खात्यात चिकटला. पहिल्यांदा वॉल्व्हची चावी हातात मिळाली तेव्हा दोन रात्री तो ती उशाशी घेऊन झोपला होता. त्याच्यामागं तीच चावी राजाभाऊंकडे आली.

"तू मागितलं नसताना मी कामून ठेवलं, माहितीय का?" सांडू बाजेवर नखानं रेघा ओढत म्हणाला. "आज्यानं नाय म्हणलं तव्हा मी ओसरीच्या पायरीवर बसलो होतो. मला बी हसू आलं होतं, राजा. लई हसलो होतो मी."

हा गृहस्थ पन्नास वर्षांनी हे सांगतो आहे, याचा राग यावा की बरं वाटावं, राजाभाऊंना कळेना. दोन्ही झालं.

"घेऊन जा. माझं मन हलकं व्हईल."

"तुझं मन हलकं कराया आलो नाय मी, सांडू."

"बरं बाबा. पण एक सांगतो. ह्याला रोज चार-पाच किलोमीटर पळवावं लागंल. बांधून ठेवलं तर आधी दोर चावतं, मंग सोताचं अंग चावतं. पळंल तव्हाच जगंल हे."

राजाभाऊंनी पिल्लू खाली ठेवलं आणि बसल्या जागेवरून उठायचा प्रयत्न केला. गुडघे कडकड वाजले. तीस वर्षं चेंबरात उकिडवं बसून त्यांची वाट लागली होती. सरळ रस्त्यानं चालणं वेगळं, आणि याच्यामागं पळणं वेगळं. तरी त्यांच्या मनानं पक्कं केलं होतं. घ्यायचं. गल्लीतून हे जनावर घेऊन जायचं. बघू दे भागूबाईंना, बघू दे सगळ्यांना. धोंडिबाच्या दारात कारवानी.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सुदर्शनचा.

सुदर्शन म्हणजे त्यांच्या जागी आलेला माणूस. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप, आधी वाळूजच्या कारखान्यात होता. आज या गल्लीत त्याची पहिलीच पाळी. "काका, बेचाळीस नंबरचा वॉल्व्ह उघडंना. दोघं लागलोत चावीला. हलायलाच तयार नाय. आता पाइप घालून जोर लावतो."

"थांब! पाइप घालू नको. दांडा मोडंल."

"मंग काय करू? बाया रस्त्यावर आल्यात. सातवा दिवस हाय. लई शिव्या द्यायलेत. तुमचं नाव घ्यायलेत, म्हणतेत राजाभाऊ असते तर आत्तापर्यंत आलं असतं."

शेवटचं वाक्य राजाभाऊंना गोड लागलं. लाज वाटावी इतकं गोड लागलं.

कारण बेचाळीस नंबर का उघडत नव्हता, हे सबंध शहरात एकट्या त्यांना ठाऊक होतं. सगळे वॉल्व्ह डावीकडे फिरवले की उघडतात. हा धोंडिबाच्या वेळचा, जुना. हा उजवीकडे उघडतो. डावीकडे जेवढा जोर लावाल तेवढा आवळतो. काम सोपवताना राजाभाऊंनी सुदर्शनला एकूण एक चेंबर दाखवलं होतं, झाकणं उचलून, नकाशे काढून. बेचाळीसही दाखवलं. फक्त ही एक गोष्ट सांगितली नाही. राहून गेलं, असं त्यांनी स्वतःला सहा दिवस सांगितलं होतं. राहून वगैरे काही गेलं नव्हतं. कधीतरी पाणी अडेल, कधीतरी फोन येईल, कधीतरी सगळी गल्ली दारात उभी असेल आणि आपण खांद्यावर चावी टाकून कोपऱ्यावरून वळू, यासाठी ती त्यांनी ठेवून दिली होती.

आणि आला होता फोन. नेमका तसाच.

"हात लावू नको," ते म्हणाले. "मी येतो. चाळीस मिनिटं लागतील."

"चाळीस मिनिटं? काका, साडेपाचला लाइनच बंद करायचीय पुढच्या भागासाठी. ही अर्धी गल्ली आणखी सात दिवस कोरडी राहील."

फोनमधून बायकांचा गलका ऐकू येत होता. त्यात एक आवाज भागूबाईंचा होता. ओरडत नव्हत्या त्या, कुणाला तरी विचारत होत्या, "राजाभाऊ बरे हायेत ना पण? घरी बी नायेत ते. कुणी बघितलं का?" 

पाणी अडलं असताना ही बाई आपली चौकशी करते आहे आणि आपण तिचं पाणी मुठीत धरून बसलोय. सरळ चोरी आहे ही. बाप ओंजळ धरून उभा राहायचा तेव्हा वरचा माणूस असाच वेळ लावत असेल.

"सुदर्शन," ते म्हणाले. "उजवीकडं फिरव."

"उजवीकडं? बंद व्हायचा ना काका त्यानं!"

"तो उलटा हाय. जुना हाय. उजवीकडं फिरव, अठ्ठावीस आटे. पहिले दोन जड जातील, मंग मोकळा व्हतो. अन् लिहून ठेव कुठंतरी. मी सांगायचं ठेवलं होतं. चूक झाली माझी."

फोन चालूच होता. लोखंडाचा करकर आवाज आला, कुणीतरी कण्हलं, मग बराच वेळ नुसता गलका. राजाभाऊ फोन कानाला धरून मनात आटे मोजत होते. बाविसाव्याला खालून ती ओळखीची घुमणारी गाज आली. लगोलग मोटरी लागल्या, एक, चार, दहा, मग मोजता येईनात इतक्या.

"आलं काका! आलं!" सुदर्शन ओरडला, आणि फोन बंद झाला.

राजाभाऊ फोन हातात धरून बसले. पुन्हा वाजेल असं त्यांना वाटत होतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. कुणाला सवड असणार, सगळे पाणी भरत होते. तीस वर्षांची नोकरी सोमवारी नव्हे, आत्ता संपली होती, दोन शब्दांत, आणि तेही पेरूच्या बागेत बसून. आश्चर्य म्हणजे पहिल्यांदा पाय शांत होते. उठून कुठं जावंसं वाटत नव्हतं.

ते लांब पायांचं पिल्लू पुन्हा बागेच्या टोकापर्यंत पळून आलं आणि त्यांच्याकडे बघत उभं राहिलं, चला ना म्हणत असल्यासारखं.

"मी नाय नेत ह्याला," राजाभाऊ म्हणाले.

सांडूचा चेहरा उतरला. "अजून राग हाय ना?"

"हाय. राग हाय, अन् राहील. पण त्यासाठी नाय. ह्याला पळवाया पाय लागत्यात, ते माझ्याकडं नायेत. लोकांना दाखवाया मी ह्याला दारात बांधून ठेवलं, तर त्ये पाप मला लागंल."

"मंग देऊन टाकू कुणाला? एक गिऱ्हाईक येणार हाय आत्ता, फर्दापूरचं."

"नाय. ह्याला हितंच ठेव. हितं जागा हाय, रान हाय." राजाभाऊ बोलायचे थांबले. पुढचं बोलणं त्यांना सुचत नव्हतं असं नाही. ते तोंडातून काढायला पन्नास वर्षं लागली होती. "पण हे तुझं नसंल. हे धोंडिबाचं."

सांडूला वाटलं कळलं. तो खूश झाला. "धोंडिबा नाव ठेवू म्हणतो? ठेवतो की!"

"खबरदार!" राजाभाऊ एवढ्या जोरात ओरडले की कारवानीनं कान टवकारले. "कुत्र्याला माझ्या बापाचं नाव देतो? नाव तुला काय ठेवायचं त्ये ठेव. मी मालकाचं बोलायलो. कुणी इचारलं हे कुणाचं, तर सांगायचं, धोंडिबाचं. तू पाळायचं, तू पळवायचं, तू चारायचं. मालक त्यो."

सांडूच्याच बागेत, त्याच्याच गोठ्यात, आज्याच्या कुत्र्यांच्या वंशातलं जनावर, आणि ते दुसऱ्याचं म्हणून आपण राखायचं. त्याच्या कपाळावर घाम होता, तो त्यानं पुसला नाही. "गावात लोक इचारतील, राजा," तो हळूच म्हणाला.

"इचारतीलच. म्हणून तर."

सांडूनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. राजाभाऊंनी त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. ते लंगडत स्कूटीपाशी गेले आणि तनुजाला फोन लावला.

"लहान घेतो," ते म्हणाले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, खरंच? म्हणजे तुम्ही..."

"त्येला ऊन सोसत नाय म्हणती श्रेया. हितल्या उन्हात मरंल ते. तुमच्याकडं हवा बरी हाय. मे उजाडायच्या आत आणावं लागंल त्येला."

"आणि तुम्हाला?"

"मला बी," राजाभाऊ म्हणाले, आणि आवाज फुटायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

घर सुटणार होतं. रूपाचं शिवणयंत्र, मागचा बोळ, भागूबाईंची हाक, सगळं सुटणार होतं. सातव्या मजल्यावर त्यांना कुणी ओळखणार नव्हतं आणि नळ सोडला की पाणी येणार होतं, कुणीही न सोडता. ते मन घट्ट करून स्कूटीला किल्ली लावत होते, तेवढ्यात एक पांढरी गाडी धुरळा उडवत आत आली. फर्दापूरचं गिऱ्हाईक. हॉटेलवाला असावा, गळ्यात गॉगल लटकवलेला. त्यानं सांडूशी दोन शब्द बोलून पिल्लांकडे नजर टाकली, आणि त्याचे डोळे नेमके त्या वाळूच्या रंगाच्या पिल्लावर गेले. जाणारच होते. ते सगळ्यांत देखणं होतं.

त्यानं ते उचललं, पाय ओढून बघितले, जबडा उघडून बघितला. "हेच द्या, पाटील. हे एक नंबर हाय."

राजाभाऊंची बोटं किल्लीवरच राहिली. सांडूनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली मातीकडे.

"ते नाय देता यायचं," सांडू म्हणाला. "दुसरं कंचं बी घ्या. ते धोंडिबाचं हाय."

"कोण धोंडिबा? गडी का तुमचा?"

"नाय." सांडूनं घसा साफ केला. "धोंडिबा हिवराळे. ह्याच गावचे. मालक हायेत ते त्याचे. त्यांचं माझ्याकडं राखाया हाय."

फर्दापूरच्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं मान डोलावली आणि पिल्लू दोन्ही हातांनी, जपून, खाली ठेवलं.